अगस्त्याच्या डोंगरात, एका पानाच्या शोधात

तिरुवनंतपुरमहून नेडुमंगाडमार्गे पालोडला जाणारा रस्ता शहर मागे पडताच वळणे घेऊ लागतो. दोन्ही बाजूंना रबराच्या बागा, प्रत्येक खोडाला चीक गोळा करण्यासाठी बांधलेली लहानशी वाटी, मधूनच फणसाच्या आणि माडाच्या दाटीत दडलेले एखादे कौलारू घर. ढग बाजूला झाले की समोर डोंगरांची निळी रांग दिसते. आपला सह्याद्री दक्षिणेला संपण्यापूर्वी जेथे पुन्हा एकदा उंच होतो, ती ही रांग. तिच्यातील अगस्त्यकूडम या शिखराची उंची १,८६८ मीटर आहे. अगस्त्य ऋषींचे वास्तव्य या डोंगरावर होते, अशी या भागातील लोकांची श्रद्धा आहे.

गेल्या जानेवारीत मी माझ्या एकोणऐंशी वर्षांच्या आईला बरोबर घेऊन या रस्त्याने गेलो. शिखर चढणे हा हेतू नव्हता. माझे गुडघे आणि आईचे वय, दोघांनीही त्याला संमती दिली नसती. आम्ही निघालो होतो एका लहानशा वनस्पतीच्या शोधात. तिची कथा सांगण्यापूर्वी तिची आणि माझी गाठ कशी पडली, ते सांगितले पाहिजे.

साताऱ्याजवळच्या माझ्या दवाखान्यात एक निवृत्त शिक्षक नियमित येतात. वय चौऱ्याहत्तर, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. त्यांनी एक दिवस पिशवीतून एक बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. "डॉक्टरसाहेब, मुलाने आणली आहे. यात केरळच्या आदिवासींची काही वनस्पती आहे म्हणे. थकवा जातो. घेऊ का?" मी बाटलीवरची बारीक अक्षरे वाचली. त्या वनस्पतीविषयी मला काहीच ठाऊक नव्हते. तीस वर्षांच्या व्यवसायात अशा कितीतरी बाटल्या माझ्यासमोर आल्या आणि बहुतेकदा मी "कशाला घेता?" एवढे म्हणून मोकळा झालो. या वेळी मात्र सरांना म्हणालो, "मला थोडा अवधी द्या." मग मी वाचू लागलो आणि वाचता वाचता जे हाती लागले ते केवळ औषधाविषयीचे नव्हते. आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या ज्ञानाचा मालक कोण, हा प्रश्न त्यात होता.

पालोड येथे जवाहरलाल नेहरू उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्था आहे. १९७९ साली स्थापन झालेली ही संस्था सुमारे तीनशे एकरांवर पसरलेली आहे. आपण ज्येष्ठ नागरिकांना घेऊन येथे गेलात तर एक सूचना: सारे उद्यान एका दिवसात पाहण्याचा हट्ट धरू नये. सकाळी लवकर पोहोचावे, पाण्याची बाटली, काठी आणि नेहमीच्या गोळ्या जवळ ठेवाव्यात. पावसाळ्यात पायवाटा निसरड्या होतात आणि जळवाही असतात, म्हणून हिवाळा बरा. आईला मी सावलीतल्या एका बाकावर बसवले. आमच्याबरोबर माझा एक वर्गमित्र होता. मूळचा मल्याळी, पण शिक्षण पुण्यात झालेला, आता तिरुवनंतपुरमला डॉक्टर. त्याच्या मराठीला अजून सदाशिव पेठेचा वास आहे. या प्रवासात तोच आमचा दुभाषी.

ज्या वनस्पतीसाठी आम्ही आलो होतो, तिला मल्याळममध्ये 'आरोग्यपच्चा' म्हणतात. 'पच्चा' म्हणजे हिरवा. आरोग्याची हिरवाई, असा अर्थ सांगता येईल. दाट जंगलात, ओढ्याच्या काठच्या ओलसर सावलीत ही लहानशी वनस्पती वाढते. तिचे शास्त्रीय नाव ट्रायकोपस झेलॅनिकस. भारतातील पोटजातीला पुढे 'त्रावणकोरिकस' असे जोडतात. म्हणजे नावात सिलोन आले, त्रावणकोर संस्थान आले. मात्र तिचा गुण ज्यांनी ओळखला, त्या काणी लोकांचे नाव त्यात कोठेही नाही.

काणी ही या डोंगरांत राहणारी आदिवासी जमात. पूर्वी ती जंगलात फिरती होती. आज बहुतेक कुटुंबे वस्त्यांमध्ये स्थिरावली आहेत. १९८७ च्या डिसेंबरमध्ये शास्त्रज्ञांचे एक पथक अगस्त्याच्या डोंगरात वनस्पतींच्या पारंपरिक उपयोगांची नोंद करीत हिंडत होते. पथकाचे प्रमुख होते डॉ. पी. पुष्पांगदन. वाट दाखवायला काही काणी पुरुष बरोबर होते. चढण अवघड होती. शास्त्रज्ञ थकून बसत, पण वाटाडे मात्र अधूनमधून कसलीशी लहान फळे तोंडात टाकीत आणि ताजेतवाने राहत. ती फळे शास्त्रज्ञांनाही मिळाली, आणि आपला थकवा उतरल्याचे त्यांनाही जाणवले. साहजिकच त्यांनी विचारले, हे कोणते फळ?

उत्तर सहजासहजी मिळाले नाही. हे ज्ञान जमातीचे होते. बाहेरच्यांना सांगायचे नाही, असा संकेत होता. पुष्पांगदन यांनी शब्द दिला की, या माहितीचा दुरुपयोग होणार नाही आणि त्यातून काही लाभ झालाच तर तो जमातीबरोबर वाटून घेतला जाईल. तेव्हा त्यांना ती वनस्पती दाखवण्यात आली. मल्लन काणी आणि कुट्टिमातन काणी ही त्या वाटाड्यांपैकी दोघांची नावे आहेत. ती आपण लक्षात ठेवावीत, अशी माझी विनंती आहे. का, ते पुढे येईल.

आईजवळच्या बाकावर बसून मी तिला हे सारे सांगत होतो. ती म्हणाली, "मग यात भांडण कशाचं? त्यांनी सांगितलं, यांनी औषध केलं."

भांडण कशाचे, हे समजण्यासाठी पेटंट म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. एखाद्याने खरोखर नवी वस्तू किंवा पद्धत शोधून काढली तर सरकार त्याला ठरावीक काळ तिच्यावर एकाधिकार देते. सामान्यतः वीस वर्षे. त्या काळात इतरांना त्याच्या परवानगीशिवाय ती वस्तू बनवता किंवा विकता येत नाही. यातला कळीचा शब्द 'नवी' हा आहे. जे लोकांना आधीपासून ठाऊक आहे, त्याचे पेटंट मिळता कामा नये. प्रश्न असा की, 'लोकांना ठाऊक आहे' हे सिद्ध कसे करायचे?

आपल्या हळदीची गोष्ट आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. १९९५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमा भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. ज्या देशात मूल धडपडले की आजी आधी हळदीच्या डब्याकडे धावते, त्या देशाला हा धक्काच होता. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने या पेटंटला आव्हान दिले आणि बत्तीस लिखित पुरावे सादर केले. त्यांत संस्कृत, हिंदी आणि उर्दू ग्रंथांतील उल्लेख होते, तसाच भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली छापून आलेला एक निबंधही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

आपण सारे आनंदलो. मीही आनंदलो. पण या विजयामागे एक गोष्ट दडलेली होती. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातील केवळ वापर किंवा तोंडी ज्ञान हा पुरावा मानला जात नसे. छापील किंवा लिखित काही तरी दाखवावे लागे. कोट्यवधी आज्यांचा अनुभव त्या कचेरीत मोजला गेला नसता. मोजले गेले ते कागद. हा नियम २०१३ मध्ये बदलला. युरोपात मात्र प्रत्यक्ष वापराचा पुरावा चाले. कडुनिंबाच्या तेलाने पिकांवरील बुरशी रोखण्याच्या पेटंटविरुद्ध म्युनिक येथे सुनावणी झाली, तेव्हा पुण्याच्या एका उद्योजकाने तेथे जाऊन आपण पेटंटाच्या आधीपासून तशी प्रक्रिया वापरत होतो, अशी साक्ष दिली. ते पेटंट २००० साली रद्द झाले आणि २००५ साली अपिलातही तोच निर्णय कायम राहिला.

हळदीला ग्रंथ होते, कडुनिंबाला साक्षीदार मिळाला. आरोग्यपच्चाकडे काय होते? चरकात ती नाही, सुश्रुतात नाही. श्रीलंकेत आणि मलाया द्वीपकल्पातही ही वनस्पती उगवते, पण तिचा हा उपयोग काणी लोकांनीच जपला होता, आणि तोही केवळ एकमेकांना सांगून. पथकातील कोणी तो शोध स्वतःच्या नावावर मांडला असता तर काणी लोकांपाशी दाखवायला एकही ओळ नव्हती. त्यांच्या बाजूने उभा होता तो फक्त एका माणसाने डोंगरावर दिलेला शब्द.

तो शब्द बऱ्याच अंशी पाळला गेला, हे आनंदाने सांगावेसे वाटते. संशोधनानंतर पालोडच्या संस्थेने आरोग्यपच्चाची पाने आणि अश्वगंधा, पिंपळी, विष्णुक्रांता या तीन वनस्पती मिळून 'जीवनी' नावाचे औषध सिद्ध केले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कोइंबतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला ते बनवण्याचा परवाना सात वर्षांसाठी देण्यात आला. परवाना शुल्क दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन, अशा अटी होत्या. संस्थेने ठरवले की, यातील निम्मा वाटा काणी लोकांचा. १९९७ मध्ये काणी समाजाचा विश्वस्त निधी नोंदवला गेला आणि १९९९ मध्ये सुमारे पाच लाख एकोणीस हजार रुपये त्याच्या खात्यात जमा झाले. असा वाटा देण्याची सक्ती करणारा कायदा तेव्हा भारतात अस्तित्वात नव्हता, हे ध्यानात घ्या. जगभरातील अभ्यासकांनी या प्रयोगाची दखल घेतली आणि २००२ साली पुष्पांगदन यांना संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

परंतु चित्र इतके साधे नव्हते. काणी समाजात रोगनिवारणाचे ज्ञान परंपरेने 'प्लाती' म्हणवणाऱ्या जाणकारांकडे असते. त्यांच्यापैकी काहींनी १९९५ साली केरळच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून आपले ज्ञान खासगी कंपन्यांना विकण्यास हरकत घेतली होती. वाटाड्यांनी सांगितले, पण सांगण्याचा अधिकार एकट्यादुकट्याचा होता का, असा त्यांचा प्रश्न. वनातून पाने गोळा करण्यावरून वनखात्याशी मतभेद झाले. मागणी वाढताच बाहेरच्या लोकांनी झाडे मुळासकट उपटून नेली. औषधाचे पेटंट परदेशांत घेतलेले नव्हते, आणि अमेरिकेत एका कंपनीने 'जीवनी' हे नावच स्वतःचा ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घेतले.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका काणी वस्तीवर गेलो. आतल्या वस्त्यांना जायला वनखात्याची परवानगी लागते. तेथे आम्ही गेलो नाही. ही वस्ती जंगलाच्या कडेला, रस्त्यालगत होती. माझ्या मित्राचे तेथे रुग्ण आहेत. सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी आम्हांला ओसरीवर बसवले. आईसाठी त्यांच्या पत्नीने आतून उशी आणून दिली. दूध न घातलेला काळा चहा आला.

मी आरोग्यपच्चाचा विषय काढला. ते हसले, उठले आणि घराच्या मागे, फणसाच्या सावलीत ओलसर जागी लावलेले एक रोप त्यांनी दाखवले. हृदयाच्या आकाराची, टोकदार, गर्द हिरवी पाने. त्यांनी ते उपटले नाही, मलाही हात लावू दिला नाही; नुसते दाखवले. मी विचारले, "फळे रोज खाता का?" त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिले. मित्राने भाषांतर करून सांगितले, "ते म्हणतात, हे जंगलात चालताना खायचं. घरी बसून कशाला खायचं?"

वाचकहो, वैद्यक शिकलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या एका वाक्याने पुष्कळ शिकवले. त्याकडे मी पुन्हा येईन.

मग मी वाट्याच्या पैशांविषयी विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले. वाटा दिला ते चांगले केले, असे म्हणाले. जमातीतील काहींना आजही वाटते की सांगायलाच नको होते, असेही म्हणाले. शेवटी म्हणाले, "आमची मुलं आता रबराच्या बागांत कामाला जातात. हे पान ओळखणारी किती उरली, ते एकदा मोजा." आम्ही निरोप घेताना मी माझी टिपणवही काढली आणि त्यांचे नाव विचारले. त्यांनी ते सांगितले. मी लिहून घेतले. या लेखात ते छापू का, असेही विचारले. त्यांनी मान हलवून नको म्हटले, म्हणून येथे ते नाही.

परतीच्या वाटेवर आई बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग एकदम म्हणाली, "अरे, त्या रायगडातल्या बाईचं नाव काय होतं?"

"कोणत्या?"

"जिनं तुला पाल्याचा लेप सांगितला ती. माझ्या गुडघ्यांना मी इतकी वर्षं लावते तो."

मला उत्तर देता आले नाही. १९९६ आणि १९९७ ही दोन वर्षे मी रायगड जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. नुकताच एम.बी.बी.एस. झालेलो, ज्ञानाचा थोडा ताठाही होता. जवळच्या कातकरी वाडीतील एक वयस्क बाई केंद्रावर येत. सांधे धरलेल्या माणसांना त्या एका झुडपाचा पाला वाफवून, विशिष्ट प्रकारे कुटून बांधत, आणि मी पाहिले की सूज खरोखर उतरे. मी त्यांना विचारले. त्यांनी कसलाही आडपडदा न ठेवता मला रानात नेऊन ते झुडूप दाखवले, पाला कधी तोडायचा, किती वाफवायचा, कोणाला बांधायचा नाही, सारे सांगितले. मी सुट्टीत घरी आलो तेव्हा आईच्या गुडघ्यांवर तो लेप करून पाहिला. तिला आराम वाटला. तेव्हापासून आजतागायत हिवाळ्यात तो लेप आमच्या घरी होतो. कित्येक नातेवाइकांना, शेजाऱ्यांना आम्ही तो सांगितला. सर्वांना मी काय म्हणत आलो? "माझा एक उपाय आहे."

घरी परतल्यावर मी ती जुनी वही शोधून काढली. झुडपाचे त्यांनी सांगितलेले नाव होते, कृती होती, तारीख होती, वाडीचे नाव होते. पुढे लिहिले होते: "सांगणारी – एक कातकरी बाई." हळदीचे पेटंट रद्द झाल्याची बातमी वाचून मी त्याच आरोग्य केंद्रात सहकाऱ्यांना पेढे वाटले होते. परक्यांनी आपले ज्ञान लुबाडले म्हणून माझा संताप झाला होता. आणि त्याच टेबलाच्या खणात ही वही होती.

मी त्या लेपाचे पेटंट घेतले नाही, त्याची विक्री केली नाही, हे खरे. पण शास्त्रीय नावातून काणी लोक ज्या रीतीने गळले, त्याच रीतीने माझ्या वहीतून त्या बाई गळल्या. ज्याच्या हाती लेखणी, त्याने लिहायचे सोडून दिले की सांगणारा नाहीसा होतो. मोठ्या करारांपासून घरगुती वहीपर्यंत हे दुखणे एकच आहे.

त्या दुखण्यावर जगाने काही उपाय योजले आहेत, तेही आपल्याला माहीत असावेत. १९९२ च्या जैवविविधता करारापूर्वी वनस्पती आणि प्राणी हा साऱ्या मानवजातीचा सामाईक ठेवा मानला जाई. ऐकायला ही कल्पना उदात्त, पण व्यवहारात ज्याच्याकडे प्रयोगशाळा त्याचाच लाभ. या कराराने प्रत्येक देशाचा आपल्या जैवसंपत्तीवरील अधिकार मान्य केला आणि लाभाचा न्याय्य वाटा देण्याचे तत्त्व सांगितले. मात्र १९९५ मध्ये लागू झालेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारात, शोध लावणाऱ्याने वनस्पती किंवा ज्ञान कोठून आणले हे सांगण्याचे बंधन नव्हते. भारत, ब्राझील आणि अन्य विकसनशील देश ते बंधन घालण्याची मागणी अनेक वर्षे करीत राहिले. आपल्याकडे २००२ साली जैवविविधता कायदा झाला. २०१० च्या नागोया करारनाम्याने संमती आणि लाभवाटपाचे नियम अधिक स्पष्ट केले. तो २०१४ मध्ये अमलात आला. आणि २४ मे २०२४ रोजी जिनिव्हा येथे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य देशांनी एक नवा करार स्वीकारला. जैवसंपत्तीवर किंवा पारंपरिक ज्ञानावर आधारित शोधाचे पेटंट मागणाऱ्याने मूळ देश कोणता आणि ज्ञान देणारा समाज कोणता, हे अर्जात सांगावे, अशी त्यात तरतूद आहे. पंधरा देशांनी रीतसर पुष्टी दिल्यानंतर तो लागू व्हावयाचा आहे.

भारताने २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह उभारला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध इत्यादी ग्रंथांतील लक्षावधी योग त्यात पाच परदेशी भाषांत मांडले आहेत, जेणेकरून पेटंट तपासणाऱ्याला ते वाचता यावेत. हे काम मोठेच. पण त्याचा आधार ग्रंथ आहेत. काणी किंवा कातकरी यांचे ज्ञान ग्रंथात नाही. त्यासाठी गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्या आहेत, ज्यांचा आग्रह डॉ. माधव गाडगीळ यांनी प्रथमपासून धरला. आपल्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे अशी नोंदवही असली पाहिजे. ती आहे का आणि तीत काय लिहिले आहे, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

आता सरांच्या बाटलीकडे येतो. त्यांना मी काय सांगितले?

पहिली गोष्ट, थकवा हा आजार नसून खूण आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी थकवा वाटतो तेव्हा रक्तक्षय, थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, अनियंत्रित साखर, हृदयाचा अशक्तपणा, झोपेच्या तक्रारी, उदासी किंवा एखादी चालू गोळी, यांपैकी कारण शोधावे लागते. सरांचे हिमोग्लोबिन कमी निघाले आणि उपचार त्या दिशेने सुरू झाले.

दुसरी गोष्ट, ओसरीवर ऐकलेले वाक्य: जंगलात चालताना खायचे. डोंगर चढणाऱ्या काटक माणसाने तोडलेली चार ताजी फळे, आणि पाच गोळ्या घेणाऱ्या वृद्धाने महिनोन्‌महिने घेतलेला पानांचा अर्क, या दोन भिन्न वस्तू आहेत. आरोग्यपच्चाविषयी प्रसिद्ध झालेले बरेचसे प्रयोग उंदरांवरील आहेत. दक्षिण आफ्रिकेतील सान लोक लांबच्या शिकारीत भूक मारण्यासाठी हुडिया नावाची निवडुंगासारखी वनस्पती चघळत. तेथील सरकारी संशोधन संस्थेने सान लोकांना न विचारता तिचे पेटंट घेतले. २००३ मध्ये लाभवाटपाचा करार झाला, तोही आवाज उठल्यावर. पुढे एका बड्या कंपनीने त्यापासून वजन घटवण्याचे पेय करायचे ठरवले, पण सुरक्षितता आणि परिणाम यांची खात्री न पटल्याने २००८ मध्ये तो प्रकल्प सोडला. वनस्पती उचलली, पण ती कोणी, केव्हा, किती खावी हे ज्ञान मागेच राहिले की असे होते.

तिसरी गोष्ट, घरी जे काही घेत असाल ते डॉक्टरांना सांगा. ज्येष्ठमध सतत घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल धोक्याच्या ठरू शकतात. भाजीतली चिमूटभर हळद नव्हे. अश्वगंधा थायरॉइडच्या आणि झोपेच्या औषधांच्या परिणामात ढवळाढवळ करू शकते. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. आणि आम्हां डॉक्टरांनीही "कशाला घेता?" असे म्हणून विषय संपवू नये, हे मी स्वतःला बजावले आहे.

शेवटी एक विनंती, विशेषतः वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांना. घरातील ज्येष्ठांच्या स्मरणात जे आहे ते एका वहीत उतरवून घ्या: बाळंतिणीचा आहार, लेप, काढे, पथ्ये. वनस्पतीचे स्थानिक नाव, कोणता भाग, किती, केव्हा, आणि कोणाला देऊ नये, हेही लिहा. त्याच्याखाली सांगणाऱ्याचे पूर्ण नाव आणि गाव लिहा. आजीने ते कोणाकडून घेतले हे तिला आठवत असेल तर तेही. एखाद्या दुपारी असे विचारत बसलात तर आठवणी जाग्या होतात, बोलणे होते आणि वृद्ध माणसाला आपण अजून उपयोगी आहोत असे वाटते. हा लाभ कोणत्याही बाटलीत मिळत नाही.

माझ्या वहीतील ती ओळ मी खोडली आहे आणि तेथे जागा मोकळी सोडली आहे. मागच्या महिन्यात त्या आरोग्य केंद्रातील एका निवृत्त आरोग्य सेविकेला फोन केला. त्यांना बाईंचा चेहरा आठवतो, नाव आठवत नाही. वाडीतील निम्मी माणसे वीटभट्ट्यांवर गेली आहेत, पावसाळ्याच्या तोंडावर परततात, असे त्या म्हणाल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी जाणार आहे. आई म्हणते, मीही येते.